रोबोच्या हातातल्या टेपा आणि कपाटातल्या टेपा

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळते. कारखाना ट्रान्सफॉर्मरचा आहे. ट्रान्सफॉर्मर एकदा बसला की त्याने पंचवीस-तीस वर्षे काम द्यावे अशी अपेक्षा असते, त्यामुळे त्याची ड्रॉइंगे, वाइंडिंगचे हिशेब आणि चाचणीचे अहवालही तितकी वर्षे हाताशी असावे लागतात. हिशेबाच्या पुस्तकांचे बंधन वेगळेच आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ती किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. एवढा सगळा मजकूर कायम फिरत्या डिस्कवर ठेवणे आमच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे, बाहेरच्या जगात टेप संपली असे कितीही बोलले जात असले तरी आमचा बॅकअप आजही चुंबकीय टेपवरच जातो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आमची टेप लायब्ररी म्हणजे ४८ कप्पे, दोन एलटीओ-६ ड्राइव्ह (एलटीओ हा बॅकअपच्या टेपांचा एक प्रकार, ६ ही त्याची पिढी) आणि कप्प्यातून ड्राइव्हमध्ये टेप ने-आण करणारा एक यांत्रिक हात. ४८ पैकी तीन कप्पे मेल स्लॉट म्हणून राखलेले आहेत. यंत्राचे मोठे दार न उघडता टेप आत घालण्यासाठी किंवा बाहेर काढण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. एलटीओ-६ च्या एका टेपवर कॉम्प्रेशन न करता २.५ टेराबाइट मावतात. अर्ध्या इंच रुंदीच्या आणि ८४६ मीटर लांबीच्या या पट्टीवर २,१७६ ट्रॅक असतात आणि ड्राइव्ह एका वेळी १६ ट्रॅक लिहितो, त्यामुळे एक टेप पूर्ण भरायची तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत १३६ वेळा सरकावी लागते. हिशेब केला तर हे अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ इथून अहमदाबादपर्यंतचे. १६० मेगाबाइट प्रतिसेकंद या मूळ वेगाने त्याला सव्वाचार तासांहून जरा जास्त वेळ लागतो. हे सगळे यंत्र निमूटपणे करते, आणि त्याचा उत्साह पाहून टेपांचे व्यवस्थापन रोबोच करतो असा समज कार्यालयात सहज पसरतो.

हे काम माझ्याकडे आले तेव्हा तो समज आमच्याकडेही होताच. लायब्ररीच्या आतल्या टेपांविषयी विचारलेला कोणताही प्रश्न पडद्यावर क्षणात सुटत होता. बाहेरच्या टेपा मात्र दोन लोखंडी कपाटांत, काही मूळ प्लास्टिकच्या डब्यांत, काही डब्यांशिवाय, आडव्या रचून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांची संख्या आतल्यांच्या कितीतरी पट होती. कोणती टेप कुठे आहे हे ज्यांना तोंडपाठ होते ते गृहस्थ निवृत्त झाले होते. त्यांनी काम चोखच केले होते. फक्त ते त्यांच्या स्मरणात होते आणि स्मरणाचा बॅकअप कुणी घेतला नव्हता. रोबोला आपल्या कप्प्यांपलीकडचे जग दिसत नाही. टेप मेल स्लॉटमधून माणसाच्या हातात पडली की त्याच्या लेखी ती संपली, आणि तिथून पुढची तिची सगळी जबाबदारी कागद, कपाट आणि माणूस यांच्यावर येते. मला जी व्यवस्था उभारावी लागली ती या दुसऱ्या अर्ध्या भागाची होती.

सुरुवात बारकोडपासून केली. एलटीओ टेपच्या दर्शनी बाजूला लेबलासाठी किंचित खोलगट जागा असते आणि त्यावर कोड ३९ पद्धतीचे आठ अक्षरांचे लेबल लागते. पहिली सहा अक्षरे आपली, शेवटची दोन टेपची पिढी सांगणारी. एलटीओ-६ साठी एल६, एलटीओ-४ साठी एल४. आमच्या कपाटांतल्या काही जुन्या टेपांवर लेबलच नव्हते, तर काहींवर मूळ लेबलाच्या शेजारी हाताने लिहिलेली चिकटपट्टी होती. ही चिकटपट्टी दिसायला निरुपद्रवी असली तरी ड्राइव्हच्या आत सुटली किंवा यांत्रिक हाताच्या पकडीत अडकली तर ड्राइव्ह दुरुस्तीला पाठवावा लागू शकतो. म्हणून पहिला नियम असा केला की छापील बारकोडाखेरीज टेपवर काहीही चिकटवायचे नाही. जे लिहायचे ते डब्यावर किंवा यादीत लिहायचे. सहा अक्षरांत विभाग, वर्ष, महिना असे सगळे कोंबण्याचा मोह अनेकांना होतो, मलाही झाला. परंतु टेप पुन्हा वापरली गेली की तिच्यावरचे वर्ष खोटे ठरते. त्यामुळे क्रमांक निरर्थक आणि चढता ठेवला, आणि अर्थ सगळा कॅटलॉगवर सोपवला.

कॅटलॉग म्हणजे बॅकअपच्या प्रणालीचा डेटाबेस. आमच्याकडे बॅकुला आहे, केर्न सिबाल्ड यांनी २००० मध्ये सुरू केलेली मुक्त प्रणाली. तिच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक टेपची एक नोंद असते. तीत टेपचे नाव, तिचा पूल (म्हणजे एकाच कामासाठी राखलेल्या टेपांचा गट), ती भरली आहे की अजून लिहिता येईल, शेवटचे लेखन कधी झाले, मजकूर किती काळ राखायचा, तिच्या कप्प्याचा क्रमांक आणि ती लायब्ररीत आहे की नाही हे सांगणारी एक खूण असते. ही शेवटची खूण आपोआप खरी राहत नाही, हे नव्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. आपण हाताने टेप काढून नेली तरी कॅटलॉग जुन्याच समजुतीवर चालतो, आणि रात्रीच्या कामाला ती टेप हवी असेल तर रोबो रिकाम्या कप्प्याकडे जातो. ‘अपडेट स्लॉट्स’ ही आज्ञा दिल्यावर प्रणाली रोबोकडून सगळे बारकोड मागवते, कॅटलॉगशी ताडून पाहते आणि खुणा दुरुस्त करते. बारकोड नसलेल्या टेपसाठी याच आज्ञेचे दुसरे रूप आहे, पण त्यात प्रत्येक टेप ड्राइव्हमध्ये चढवून तिच्यावरचे चुंबकीय लेबल वाचावे लागते. भरलेल्या लायब्ररीत तो दिवसभराचा उद्योग होतो. लेबलाच्या कागदाची किंमत तेव्हा कळते.

त्यानंतर मोजदाद केली. यूएसबीला जोडायचा, हातात धरायचा साधा बारकोड वाचक आणला. तो संगणकाला कीबोर्डसारखाच दिसतो, त्यामुळे वेगळी प्रणाली लागत नाही. कपाटातली प्रत्येक टेप उचलून वाचली आणि तीन याद्या शेजारी ठेवल्या. पहिलीत रोबो जे आत आहे म्हणतो ते, दुसरीत कॅटलॉगला जे ठाऊक आहे ते, आणि तिसरीत कपाटांत प्रत्यक्ष सापडले ते. आतल्या टेपांत फरक जवळजवळ नव्हता. बाहेरच्या टेपांत मात्र तो तिन्ही प्रकारांनी निघाला. काही टेपा कॅटलॉगमध्ये होत्या, पण कपाटात नव्हत्या. त्यांतल्या दोन शेवटी लेखा विभागाच्या खणात, ऑडिटच्या फायलींखाली मिळाल्या. काही कपाटात होत्या, पण कॅटलॉगला परक्या होत्या, कारण त्या आधीच्या प्रणालीने लिहिलेल्या होत्या. तिसऱ्या प्रकारच्या टेपा दोन्हीकडे होत्या, पण ‘लिहिण्यास मोकळी’ अशा स्थितीत वर्षानुवर्षे कपाटात पडून होत्या. हा तिसरा प्रकार मला सर्वांत धोकादायक वाटतो. आत मोकळी टेप उरली नाही की प्रणाली अशी एखादी बाहेरची टेप चढवण्याची विनंती करते. रात्रपाळीचा ऑपरेटर ती इमानेइतबारे शोधून आत घालतो आणि जपून ठेवलेल्या मजकुरापुढे त्या दिवसाचे रद्दड मेल लिहिले जातात. म्हणून आता बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टेपची स्थिती आधी ‘पूर्ण’ किंवा ‘वापरलेली’ अशी करतो, आणि मगच तिला हलवतो.

कपाटांना पत्ते देण्याची कल्पना आमच्या स्टोअरच्या काकांची. ते दांडिया बाजारातले, जुन्या वळणाचे बडोदेकर, आणि मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचे कित्येक वर्षांचे वाचक. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून या राज्यात ग्रंथालयांची व्यवस्था घालून घेतली, हे ते संधी मिळेल तेव्हा सांगतात. माझ्या याद्या पाहून ते म्हणाले, “ताई, पुस्तक बाहेर गेलं तर त्याच्या जागी कार्ड राहतं. तुमच्या टेपेच्या जागी काय राहतं?” त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग आम्ही कपाट, फळी आणि फळीवरची जागा असा तीन भागांचा पत्ता केला, प्रत्येक जागेवर त्याचाही बारकोड लावला, आणि टेप उचलली की त्या जागेत एक रंगीत पुठ्ठा घालायचा, त्यावर टेप क्रमांक, दिनांक आणि नेणाऱ्याची सही, असा रिवाज सुरू केला. टेपा आता आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवतो. उत्पादकांची सूचनाही तीच आहे, कारण आडव्या टेपच्या रिळावरील पट्टीच्या कडांवर भार येतो.

बॅकुलाच्या डेटाबेसमध्ये टेपच्या स्थानासाठी आणि स्थानबदलाच्या इतिहासासाठी वेगळे तक्ते आधीपासून आहेत. कन्सोलवर रोजचे काम करणाऱ्याला मात्र ते फारसे दिसत नाहीत. एक छोटी स्क्रिप्ट लिहून आम्ही ते वापरात आणले. आधी जागेचा बारकोड वाचायचा, मग टेपचा. स्क्रिप्ट स्थान बदलते आणि इतिहासात एक ओळ घालते. नोंद आणि हालचाल एकाच वेळी झाली पाहिजे याबाबत मी हट्टी आहे. संध्याकाळी वहीत लिहू, असे म्हणून पुढे ढकललेली नोंद दुसऱ्या दिवशी निम्मी विसरलेली असते, आणि सहकाऱ्यांना हा हट्ट सुरुवातीला जाच वाटला हेही खरे आहे.

टेप बाहेर काढण्याचा क्रम ठरल्यावर तो फार गुंतागुंतीचा उरला नाही. आधी चालू कामांची यादी पाहायची, कारण लिहित्या ड्राइव्हमधली टेप ओढून काढणे हा प्रकार आजही कुठे ना कुठे होत असतो. टेप ड्राइव्हमध्ये असेल तर प्रणालीलाच ती सोडायला सांगायचे आणि रोबोने तिला कप्प्यात परत ठेवले की नाही ते पाहायचे. मग लिनक्सवरच्या ‘एमटीएक्स’ या साधनाने कप्प्यातून मेल स्लॉटमध्ये हलवायचे. एका वेळी तीनच टेपा निघतात, त्यामुळे महिनाअखेरीचा संच काढताना हे कंटाळवाणे होते आणि मोठे दार उघडून एकदम मॅगझीनच, म्हणजे कप्प्यांचा अख्खा खणच, बाहेर ओढावे असे वाटते. तसे केले की लायब्ररी काम थांबवते आणि दार बंद झाल्यावर सगळे कप्पे नव्याने मोजते. दरम्यान एखादे काम चालू असेल तर ते कोसळते. तीन-तीनच्या हप्त्यांनी काढणे शेवटी लवकर होते. हातात आल्यावर ड्रॉइंगच्या टेपांची लेखनबंदीची कळ सरकवायची, टेप तिच्या डब्यात घालायची, डबा पेटीत, आणि शेवटी ‘अपडेट स्लॉट्स’ देऊन कॅटलॉगला कळवायचे.

काय आत ठेवायचे आणि काय बाहेर पाठवायचे, यावर मात्र बराच खल झाला. पूर्वी आठवड्याचा पूर्ण बॅकअप एकाच टेपसंचावर लिहून तो संच बाहेर जाई. त्यामुळे कुणाची परवाची फाइल पुसली गेली तरी पेटी परत मागवावी लागे, आणि लोक चिडत. आता कॉपी जॉब वापरतो. मूळ संच आत राहतो आणि त्याची टेपवरून टेपवर केलेली प्रत बाहेर जाते. दोन ड्राइव्ह असल्यामुळे हे शक्य होते. परत मिळवताना प्रणाली मूळ टेपच मागते, आणि मूळ निकामी झाली तर ‘कॉपीज’ हा शब्द देऊन प्रतीवरून मजकूर काढता येतो. टेपांचा खर्च दुप्पट झाला, त्याबद्दल लेखा विभागाने मला बैठकीत बोलावलेही. त्यांच्याच पगारपत्रकाची फाइल पूर्वी किती वेळाने मिळे आणि आता किती वेळात मिळते, एवढेच मी तिथे सांगितले.

बाहेर म्हणजे नदीपलीकडे. कारखाना विश्वामित्रीच्या पूर्वेला आहे आणि आमचे विक्री कार्यालय पश्चिमेला गोत्रीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे एक वातानुकूलित खोली आणि त्यात कुलपाचे कपाट मिळाले. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात असावीत हे शास्त्रशुद्ध नाही, याची मला जाणीव आहे. पण जिथे आठवड्याला माणूस जाऊ शकतो ते ठिकाण कागदावरच्या आदर्श ठिकाणापेक्षा चांगले. नदी मधे असण्याला दोन बाजू आहेत. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात शहरात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी पुन्हा वस्त्यांत शिरले. अशा वेळी दोन काठांवर दोन प्रती असल्याचा दिलासा मोठा असतो, पण पूल बंद झाले की एका काठावरची प्रत दुसऱ्या काठाला उपयोगी पडत नाही. अलकापुरीचे गरनाळे, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, तर साध्या जोरदार सरीनेही भरते. म्हणून पावसाळ्यात पेटी ठरलेल्या वारी न पाठवता आजवा जलाशयाच्या पातळीची बातमी पाहून पाठवतो, आणि लेखनाचा सर्वांत ताजा मूळ संच कोणत्याही कारणाने इमारतीबाहेर जाऊ देत नाही. लायब्ररी आणि कपाटे दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर नाहीत, ही गोष्ट मला कोणत्याही प्रणालीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

पावसाइतकाच त्रास उन्हाचा होतो. दीर्घकाळ साठवणीसाठी एलटीओ टेपला साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आत आर्द्रता मानवते. मे महिन्यात वडोदऱ्यात पारा ४२-४३ वर जातो आणि बंद मोटारीच्या आत त्याहून कितीतरी वर. पेटी पूर्वी दिवसभराच्या इतर कामांबरोबर डिकीतून फिरत असे. चालक मनुष्य भला, पण त्याच्या लेखी ती खोक्यांपैकी एक होती. आता पेटी फेसाच्या अस्तराची आहे, ती सकाळी लवकर निघते, मागच्या सीटवर जाते आणि मधे कुठेही थांबत नाही. पोहोचल्यावर कार्यालयातल्या बेन सील पाहतात, पेटीतला प्रत्येक बारकोड वाचतात आणि यादी जुळल्यावरच चालकाला सही देतात. टेप पडली तर ती लपवू नये एवढेच सगळ्यांना पुन्हापुन्हा सांगितले आहे. एलटीओ टेपमध्ये एकच रीळ असते आणि पट्टीच्या टोकाला एक धातूची पिन. ड्राइव्ह या पिनेला पकडून पट्टी आत ओढतो. पडल्यामुळे पिन जागेवरून सरकली असेल आणि तशीच टेप ड्राइव्हमध्ये गेली, तर टेप आणि ड्राइव्ह दोन्ही अडकतात. बाजूची झडप हळूच उघडून पिन डोळ्यांनी तपासता येते, त्याला मिनिटही लागत नाही.

परतीचा प्रवाह लोक विसरतात. राखण्याची मुदत संपलेल्या टेपा बाहेरच पडून राहिल्या तर आत मोकळ्या टेपांचा तुटवडा पडतो आणि दरवर्षी नव्या खरेदीची मागणी करावी लागते, तर बाहेरचे कपाट उगाच फुगत जाते. महिन्याच्या सुरुवातीला कॅटलॉगमधून मुदत संपलेल्या आणि बाहेर असलेल्या टेपांची, पत्त्यांसह, यादी काढतो; गेलेल्या पेटीतून त्याच परत येतात. ड्रॉइंगच्या पूलला मात्र पुनर्वापर बंदच ठेवला आहे, तिथली टेप या यादीत कधी येऊ शकत नाही. या सगळ्याची खरी परीक्षा दिवाळीत होते. गुजरातेत कारखाना दिवाळीला बंद झाला की लाभपाचमेपर्यंत उघडत नाही, आणि त्या काळात टेप बदलायला कुणी येत नाही. कामगार घरी असले तरी महिन्याचा पूर्ण बॅकअप त्यात आला तर त्याला तेवढ्याच टेपा लागतात. म्हणून धनतेरशीच्या आधी आत किती मोकळ्या टेपा हव्यात याचा हिशेब करून कप्पे भरून ठेवतो. सफाईची टेपही तेव्हाच पाहून घेतो. तिचे बारकोड ‘सीएलएन’ने सुरू होते, त्यावरून प्रणालीला कळते की हिच्यावर लिहायचे नाही, साधारण ५० वापरांनंतर ती संपते, आणि संपलेली सफाई टेप कप्प्यात ठेवून देण्यात काहीच अर्थ नसतो.

व्यवस्था बसल्यानंतरची पहिली मोठी मागणी एका वीजकंपनीच्या दुरुस्ती विभागाकडून आली. त्यांच्या उपकेंद्रातल्या आमच्या एका जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या टॅपचेंजरची (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भागाची) मूळ जोडणी त्यांना हवी होती आणि त्यांच्याकडची कागदी प्रत फाटलेली होती. मी प्रणालीला फाइल निवडून दिली. अशा वेळी बॅकुला लागणाऱ्या टेपांची यादी देते आणि ज्या टेपा लायब्ररीत आहेत त्यांच्यापुढे तारा (*) दाखवते. या यादीत एकाही टेपपुढे तारा नव्हता. पूर्वी इथून पुढे कपाट उपसणे सुरू झाले असते. आता स्क्रिप्टने पत्ता दिला, गोत्रीच्या बेननी फोनवरच टेप हातात घेऊन बारकोड वाचून दाखवला आणि तिच्या जागी पुठ्ठा घातला. दिवस उन्हाळ्याचे होते, म्हणून टेप आल्यावर ती लगेच न चढवता रात्रभर लायब्ररीच्या खोलीत राहू दिली. तापमानात मोठा फरक पडला असेल तर २४ तासांपर्यंत थांबावे अशी सूचना असते. सकाळी मेल स्लॉटमधून आत घेतली, कॅटलॉगला कळवले आणि काम सोडले. ड्रॉइंग मिळाले. डिझाइन विभागातले एक ज्येष्ठ अभियंते ते पाहायला मुद्दाम खाली आले, कारण त्यावर त्यांच्या उमेदवारीच्या काळातली सही होती.

या सगळ्याचा भार कॅटलॉगवर आहे, तेव्हा कॅटलॉगच गेला तर काय, हा प्रश्न उरतोच. टेपांवरून कॅटलॉग पुन्हा उभा करता येतो, बॅकुलाचे ‘बीस्कॅन’ हे साधन त्यासाठीच आहे. पण त्यात प्रत्येक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते, आणि एका टेपला चार तासांहून जास्त हा हिशेब वर दिलाच आहे. म्हणून रात्रीच्या कामांनंतर कॅटलॉगचा स्वतःचा बॅकअप होतो, त्याची बूटस्ट्रॅप फाइल (तो बॅकअप कोणत्या टेपवर कुठे आहे हे सांगणारी) दुसऱ्या यंत्रावर जाते, आणि पेटीबरोबर पत्त्यांची छापील यादीही जाते. टेपांवरचा सांकेतिक केलेला मजकूर उलगडणाऱ्या एन्क्रिप्शनच्या मास्टर किल्लीची प्रत मात्र त्या पेटीत नसते. ती व्यवस्थापकांच्या तिजोरीत वेगळ्या लिफाफ्यात आहे. तिमाहीला एकदा बाहेरची एखादी टेप चिठ्ठी काढून मागवतो आणि तिच्यावरून काही फाइली परत मिळवून पाहतो. मोजदाद टेप जागेवर आहे एवढेच सांगते, ती वाचता येते की नाही हे सांगत नाही.

सध्या डोक्यात आहे तो पिढ्यांचा प्रश्न. एलटीओ-६ चा ड्राइव्ह एलटीओ-४ च्या टेपा वाचू शकतो, एलटीओ-५ वर लिहूही शकतो. एलटीओ-७ चा ड्राइव्ह एलटीओ-५ पर्यंतच मागे जातो, आणि २०१७ मध्ये आलेला एलटीओ-८ तर फक्त सातव्या आणि आठव्या पिढीला ओळखतो. लायब्ररीतल्या टेपा नव्या यंत्राबरोबर आपोआप नव्या होत जातात, कारण त्या फिरत्या असतात. ड्रॉइंगच्या जुन्या एलटीओ-४ टेपा कपाटात उभ्या असल्यामुळे त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि ज्या दिवशी शेवटचा एलटीओ-६ ड्राइव्ह बंद पडेल त्या दिवशी त्या एकदम मुक्या होतील. विक्रेत्याने नवी लायब्ररी एलटीओ-८ ची सुचवली आहे. जुन्या प्रणालीने लिहिलेल्या, कॅटलॉगला परक्या असलेल्या टेपा आधी वाचून, त्यांच्यातला मजकूर बॅकुलाखाली नव्याने लिहून, मगच ती खरेदी करावी असे मी लेखी कळवले आहे. दर शनिवारी बॅकअप सुरू होण्याआधीच्या मोकळ्या वेळात एक ड्राइव्ह त्या कामाला लावतो. पहिल्या कपाटाच्या वरच्या दोन फळ्या झाल्या आहेत. तिसऱ्या फळीवरच्या टेपांना लेबले नाहीत, त्यामुळे तिथून पुढे वेग कमी होणार आहे.